पाटाचे पाणी आणि मताचा कौल : बारामती–इंदापुरातील वर्ग आणि जात

अमेरिकेतील मतदानाचा अभ्यास करणाऱ्यांपुढे गेली कित्येक दशके एक प्रश्न उभा आहे. एकाच कारखान्यात राबणारे, सारख्याच भाड्याच्या घरात राहणारे आणि महिनाअखेरीस सारखीच ओढाताण सोसणारे गोरा मजूर आणि काळा मजूर निवडणुकीच्या दिवशी एकमेकांविरुद्ध मत का देतात? पुणे जिल्ह्याच्या आग्नेयेला असलेल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत वंशाच्या जागी जात ठेवून हाच प्रश्न विचारता येतो. दोन एकर जिरायत कसणारा मराठा, मेंढरे विकून दोन-तीन संकरित गायींवर आलेला धनगर आणि एमआयडीसीत ठेकेदाराकडे राबणारा बौद्ध तरुण यांच्या मिळकतीत फारसे अंतर नसले, तरी त्यांची मते एका पारड्यात पडतीलच असे नाही. दुसऱ्या बाजूला, एकाच भावकीतला बागायतदार आणि जिरायतदार कित्येकदा एकाच चिन्हावर शिक्का मारत आले आहेत. याचे उत्तर नुसत्या जातीत शोधले तर ते अर्धवट राहते आणि नुसत्या मिळकतीत शोधले तरीही राहते. ते सापडते पाण्याची पाळी, उसाची नोंद, सोसायटीचे कर्ज आणि दुधाचा दर ठरवणाऱ्या संस्थांत, कारण या मुलखात वर्ग आणि जात यांची गाठ याच संस्थांमध्ये बसली आहे.

वर्ग म्हणजे केवळ श्रीमंती-गरिबी नव्हे. उत्पादनाची साधने कोणाच्या हाती आहेत आणि कोणाला दुसऱ्याच्या साधनावर राबावे लागते, या नात्याला समाजशास्त्रात वर्ग म्हणतात. कोकणात किंवा विदर्भात हे नाते जमिनीच्या क्षेत्रफळावरून बऱ्याच अंशी ओळखता येते, परंतु नीरा नदीच्या या खोऱ्यात एकर मोजून भागत नाही. येथे पाऊस वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही लहरी असतो. त्यामुळे सुपे-मोरगावकडची वीस एकर जिरायत जमीन आणि माळेगाव-पणदरे भागातील चार एकर बागायत यांत दुसरीच अधिक वजनदार ठरते. गावकरी एखाद्या कुटुंबाची ऐपत सांगताना ‘किती एकर’ याआधी ‘पाण्याखाली किती’ असे विचारतात, आणि हा प्रश्न वर्गाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकी व्याख्येपेक्षा नेमका आहे.

ही विभागणी निसर्गाने केली तितकीच माणसाने केली. दुष्काळनिवारणाच्या हेतूने बांधलेला नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. त्यामागे भाटघरच्या धरणाचा आणि पुढे वीर धरणाचा साठा उभा राहिला, आणि पुरंदरच्या कडेने बारामतीतून इंदापुरात जाणाऱ्या या पाटाने दोन्ही तालुके उभे चिरले. पाटाच्या खालच्या अंगाला मळे आले आणि वरच्या अंगाला कुसळे राहिली. आरंभी पाणीपट्टी भरून ऊस लावण्याचे धाडस सर्वांनी केले नाही. सासवडकडचे माळी शेतकरी या कालव्याच्या काठाने खाली सरकले, खंडाने जमिनी घेऊन त्यांनी उसाची आणि गुळाची शेती वाढवली, आणि त्यांच्यातीलच काहींनी पुढे १९३० च्या दशकात अकलूजजवळ माळीनगरचा साखर कारखाना काढला. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी उभारलेले वालचंदनगरही याच पाण्यावर वाढले. मराठा-कुणबी कुटुंबांकडे जमिनीची मालकी होती, माळ्यांकडे बागायतीचे कसब होते, धनगरांकडे मुख्यतः माळरान आणि कळप होते, तर महार-मांग समाजाकडे वतनाचे तुकडे आणि गावकीचे बंधन होते. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली, तरी पाटाखालचा मळा त्या समाजाच्या वाट्याला अपवादानेच आला. पाण्याने जातींची जुनी उतरंड मोडली नाही. तिच्यावर रोकड पिकाची नवी उतरंड चढवली.

या भागात वर्गाची जाणीव नव्हती असे मात्र मुळीच नाही. मे १८७५ मध्ये तत्कालीन भीमथडी तालुक्यातील आणि आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून खतपत्रांची होळी केली. तेथून पुणे व नगर जिल्ह्यांत पसरलेल्या उठावाला इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात, आणि त्यांच्यामुळे ब्रिटिश सरकारला १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. धनको विरुद्ध ऋणको अशी ही वर्गाची उघड लढाई होती. तरीही तिचा रोख प्रामुख्याने मारवाडी व गुजर सावकारांवर होता, म्हणजे वर्गशत्रू ओळखताना तो परक्या समाजातला असणे लोकांना सोयीचे वाटले. या उठावाच्या दोन वर्षे आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण केला होता. वंश आणि जात यांची तुलना हा आजच्या विद्यापीठांचा शोध नाही. तो पुण्याच्या मातीत दीडशे वर्षांपूर्वी लागला, आणि येथील वाचकाने अमेरिकेतील मतदानाकडे पाहताना ही नाळ विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर या जाणिवेला पक्षाचे रूप शेतकरी कामगार पक्षाने, म्हणजे शेकापने, दिले. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या या पक्षाचे नाव आणि विचार वर्गाचे होते, पण त्याचा जनाधार ब्राह्मणेतर चळवळीतून आलेल्या बहुजन शेतकऱ्यांचा, त्यातही मराठ्यांचा होता. काटेवाडीच्या पवार कुटुंबावर या पक्षाचा मोठा प्रभाव होता. पुणे जिल्हा लोकल बोर्डाच्या सदस्य राहिलेल्या शारदाबाई पवार याच विचाराच्या होत्या. १९६० च्या बारामती लोकसभा पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र वसंतराव शेकापचे उमेदवार असताना धाकटे शरद पवार काँग्रेसच्या बाजूने उभे राहिले. ही घटना कौटुंबिक किस्सा म्हणून सांगितली जाते, परंतु तिच्यात एका युगाचा बदल दडलेला आहे. यशवंतराव चव्हाण यांनी ज्याला बेरजेचे राजकारण म्हटले त्या धोरणाने शेकापचे कार्यकर्ते आणि त्यांचा शेतकरी मतदार काँग्रेसमध्ये ओढून घेतला, आणि वर्गाच्या भाषेत बोलणारा पक्ष ओसरल्यावर त्या वर्गाच्या मागण्या सहकारी संस्थांच्या कचेरीत जाऊन बसल्या.

सहकारी साखर कारखाना म्हणजे नेमके काय, हे समजल्याशिवाय येथील मतदान समजणे कठीण आहे. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे जुने कारखाने असोत, किंवा इंदापूर तालुक्यातील कर्मयोगी शंकरराव पाटील आणि नीरा-भीमा हे कारखाने असोत, त्यांचा मालक कागदोपत्री भागधारक ऊस उत्पादक असतो आणि संचालक मंडळ तो मताने निवडतो. भाग घेण्यासाठी ऊस हवा, उसासाठी पाणी हवे आणि पाण्यासाठी पाटाखाली जमीन हवी. त्यामुळे या मतदारयादीतून भूमिहीन माणूस आपोआप गळतो, त्याला कोणी वगळावे लागत नाही. कायद्याने संचालक मंडळात अनुसूचित जाती-जमातींसाठी एक, इतर मागास वर्गासाठी एक, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी एक आणि महिलांसाठी दोन जागा राखल्या आहेत. या जागा महत्त्वाच्या आहेत. परंतु त्यांवरचा उमेदवारही बहुधा पॅनेलप्रमुख ठरवतो आणि त्याला निवडून देणारा मतदार मुख्यतः बागायतदारच असतो. जातीला प्रतिनिधित्व मिळते, पण त्या जातीतील भूमिहीन वर्गाला मिळत नाही.

या संस्थेचे वजन एखाद्या ऊसउत्पादकाच्या वर्षात डोकावले की कळते. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागण झाली की पहिली धडपड नोंदीची असते. कारखान्याचा चिटबॉय शेतावर येऊन क्षेत्र, उसाचे वाण आणि लागणीची तारीख टिपून नेतो, आणि तोडणीचा क्रम या तारखेवर लागतो असा नियम आहे. सोसायटीचे पीककर्ज, खताची उधारी आणि मुलाच्या महाविद्यालयाची फी या सर्वांची मुदत त्या तोडीला बांधलेली असते. तोड वेळेवर आली तर उसाचे वजन टिकते. ती महिना-दीड महिना लांबली तर उसाला तुरे येतात, कांडे पोकळ पडते, पुढच्या पिकाचा हंगाम हुकतो आणि एकरी टनेज डोळ्यांदेखत उतरते. आपला ऊस फडात उभा राहील ही भीती साखरपट्ट्यात सगळीकडे बोलून दाखवली जाते. ती प्रत्येक वेळी खरी असेलच असे नाही, पण भीतीला मत वळवण्यासाठी खरे असण्याची गरज नसते. ऊस गेल्यावर पहिली उचल, मग कांडेबिल, मग अंतिम दर आणि दिवाळीची सवलतीची साखर अशा हप्त्यांनी शेतकरी वर्षभर संस्थेकडे पाहत राहतो. राज्यशास्त्रात याला आश्रयदाता-आश्रित संबंध म्हणतात, म्हणजे एका बाजूने लाभ आणि दुसऱ्या बाजूने निष्ठा यांची दीर्घ मुदतीची देवाणघेवाण. गावच्या बोलीत त्याला ‘आपला माणूस’ म्हणतात, आणि या दोन शब्दांत जात, भावकी, उपकार आणि हिशेब सगळेच मावते.

इंदापूर विधानसभा मतदारसंघ हे याचे स्पष्ट उदाहरण आहे. बाहेरून पाहणारा येथील लढतीचे वर्णन मराठा विरुद्ध धनगर असे करतो, कारण २०१४ पासूनच्या तिन्ही लढतींत हर्षवर्धन पाटील हे मराठा आणि दत्तात्रय भरणे हे धनगर समाजातील उमेदवार समोरासमोर होते. भरणे २०१४ मध्ये १४,१७३, २०१९ मध्ये ३,११० आणि २०२४ मध्ये १९,४१० मतांनी विजयी झाले. या दहा वर्षांत पाटील यांचे चिन्ह प्रत्येक वेळी बदलले होते. ते २०१४ मध्ये काँग्रेसचे, २०१९ मध्ये भाजपचे आणि २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे उमेदवार होते. तरी त्यांची मते सुमारे ९४ हजार, १ लाख ११ हजार आणि ९७ हजार अशी राहिली. भरणे यांची मते याच काळात १ लाख ८ हजार, १ लाख १४ हजार आणि १ लाख १७ हजार होती. विचाराने एकमेकांच्या विरुद्ध टोकाला असलेल्या पक्षांची चिन्हे बदलूनही मतांचा गठ्ठा इतका स्थिर राहतो, तेव्हा तो पक्षाचा नसतो हे उघड आहे. तो निव्वळ जातीचाही नाही. इंदापुरात धनगर समाज मोठा असला तरी एकट्याच्या बळावर लाखाच्या वर मते घेऊन जिंकण्याइतका नाही, त्यामुळे भरणे यांना मत देणाऱ्यांत मराठा बागायतदार लक्षणीय संख्येने असले पाहिजेत. पाटील यांचे चुलते शंकरराव पाटील हे बारामतीचे खासदार होते. त्यांनी उभ्या केलेल्या संस्थांचे जाळे एका बाजूला आणि बारामतीशी जोडलेले कारखाना, जिल्हा परिषद व जिल्हा बँकेचे जाळे दुसऱ्या बाजूला, अशी ही लढत आहे. जात या दोन जाळ्यांना रंग देते, पण जाळी विणली गेली आहेत ती पाण्याने आणि पतपुरवठ्याने.

मग जात केव्हा स्वतःच्या बळावर मत बनते? याचे उत्तर २०१४ ने दिले. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत राष्ट्रीय समाज पक्षाचे धनगर नेते महादेव जानकर बारामतीत शरद पवार यांच्या कन्या सुप्रिया सुळे यांच्याविरुद्ध उभे राहिले, आणि २००९ मध्ये ३ लाख ३६ हजारांवर असलेले मताधिक्य ६९,७१९ वर आले. देशभरातील मोदी लाट हे त्याचे एक कारण होतेच. पण जातीचाही त्यात वाटा होता, हे निकालानंतर त्याच वर्षीच्या जुलैमध्ये दिसले. धनगर समाजाची पंढरपूरहून निघालेली पदयात्रा बारामतीत येऊन धडकली, अनुसूचित जमातीच्या आरक्षणासाठी तेथे उपोषण झाले आणि देवेंद्र फडणवीस यांनी आंदोलकांपुढे सत्तेवर आल्यास ही मागणी पूर्ण करण्याचे आश्वासन दिले. धनगर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या ‘क’ गटात असून त्याला ३.५ टक्के आरक्षण आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘धनगड’ असे नाव आहे आणि ते ‘धनगर’चेच रूप असल्याचा समाजाचा दावा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो अमान्य केला. एका अक्षराभोवती फिरणाऱ्या या वादामागे चराऊ रानांचा संकोच, मेंढपाळीचे घटते उत्पन्न आणि पाटाच्या वरच्या अंगाला राहिलेल्या जमिनी आहेत. या मागण्या मुळात वर्गाच्या आहेत. परंतु त्या ऐकून घेणारी संस्था समाजाच्या हाती नाही आणि राज्यव्यवस्थेने मागण्यासाठी जो अर्ज छापला आहे त्यावर फक्त जातीचा रकाना आहे, म्हणून त्या जातीच्या भाषेत मांडल्या जातात. तरीही नुसत्या जातीच्या आवाहनाची मर्यादा २०१९ मध्ये दिसली. बारामती विधानसभेत शरद पवार यांचे पुतणे अजित पवार यांच्याविरुद्ध भाजपने धनगर समाजातील आक्रमक नेते गोपीचंद पडळकर यांना उभे केले, आणि ते १,६५,२६५ मतांनी पराभूत झाले. बारामतीतील धनगर शेतकऱ्याचाही ऊस कारखान्यात आणि दूध संघात जातच होते.

मराठा समाजाच्या आरक्षणाची मागणी याच नियमाची दुसरी बाजू दाखवते. म. न. श्रीनिवास यांनी संख्या, जमीन आणि राजकीय सत्ता या तिन्हींत वरचढ असलेल्या जातीला प्रभुत्वशाली जात म्हटले. मराठा समाज या व्याख्येत बसतो, परंतु त्या समाजातील प्रत्येक घर बसत नाही. तीन पिढ्यांत वाटण्या होऊन दोन एकरांवर आलेल्या, कालव्याच्या शेवटच्या टोकावरच्या, म्हणजे टेलच्या, गावात राहणाऱ्या आणि पाण्याच्या आवर्तनाची वाट पाहत बसणाऱ्या कुटुंबाला आपल्या आडनावाचा कारखानदार दिसतो, पण त्याची सत्ता आपल्या उपयोगी पडत नाही असेही दिसते. त्याचा राग वर्गाचा आहे. तो आपल्या जातीतील बागायतदाराकडे वळण्याऐवजी आरक्षणाच्या मागणीत वळतो, कारण तेथे जात एकसंध ठेवता येते. २०१८ चा कायदा, ५ मे २०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा तो रद्द करणारा निकाल आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा दिलेले १० टक्के आरक्षण हा सारा प्रवास या मुरड घातलेल्या रागाचा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये इंदापुरात ओबीसींचा एल्गार मेळावा झाला, आणि त्याच दिवशी त्याच गावात दूधदरासाठी शेतकऱ्यांचे आंदोलन चालू होते. पडळकर मेळाव्यानंतर त्या आंदोलकांना भेटायला गेले असता तेथे मराठा आरक्षणाच्या घोषणा झाल्या आणि त्यांच्या दिशेने चप्पल भिरकावली गेली. दुधाचा लिटरमागे पडलेला दर दूध घालणाऱ्या मराठा, धनगर, माळी आणि दलित घरांना सारखाच बुडवत होता. या भागात सर्व जातींना एका ओळीत उभे करू शकणारा दुधासारखा दुसरा प्रश्न नाही, आणि तो प्रश्न त्या दिवशी जातीच्या धुरळ्यात हरवला. या घटनेचे दुःख राजकीय पक्षांपेक्षा दूध घालणाऱ्याला अधिक व्हायला हवे.

अमेरिकेची तुलना येथे प्रकाश टाकते. तेथे १९३० च्या दशकात फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ने कामगारांना निवृत्तिवेतन आणि संरक्षण दिले, परंतु १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेकडील राज्यांतील बहुसंख्य काळे लोक नेमके याच दोन कामांत होते. कायद्यात वंशाचा उल्लेख नव्हता. व्यवसायाच्या अटीने वंश आपोआप वगळला, जसा साखर कारखान्याच्या भागभांडवलाच्या अटीने भूमिहीन दलित वगळला जातो. त्याच वर्षी, १९३५ मध्ये, काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी दाखवून दिले, की गरीब गोऱ्या मजुराला कमी पगाराच्या जोडीला गोरेपणाची एक मानसिक मजुरी मिळते. ती समाजातील मान, पंक्ती आणि वागणूक यांच्या रूपाने मिळते आणि तिच्यापायी तो काळ्या मजुराशी एकी करत नाही. अल्पभूधारक मराठ्याला पाटीलकीच्या स्मृतीतून जे मिळते ते याहून फार वेगळे नाही. डॉ. आंबेडकर यांनी १९३६ मध्ये जातिव्यवस्था ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांचीच विभागणी आहे, असा जो विचार मांडला, तो याच जागी येऊन मिळतो.

फरकही तितकेच महत्त्वाचे आहेत. दक्षिणेकडील राज्यांत मतकर आणि साक्षरतेच्या परीक्षा लावून काळ्या नागरिकांना मतपेटीपासूनच दूर ठेवले जात होते. ते १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने थांबले. भारतात मात्र १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासून महारवाड्याचे आणि वाड्याचे मत एकाच किमतीचे राहिले. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर काळे मतदार जवळपास एकगठ्ठा डेमोक्रॅटिक पक्षाकडे आणि दक्षिणेतील गोरे मतदार क्रमाक्रमाने रिपब्लिकन पक्षाकडे गेले. अलीकडे २०१६ नंतर महाविद्यालयीन पदवी नसलेल्या गोऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मतदार डोनाल्ड ट्रम्प यांच्यामागे राहिले, तर २०२४ मध्ये स्पॅनिशभाषक मूळच्या कामगारांतूनही त्यांना पूर्वीपेक्षा बरीच जास्त मते पडली. म्हणजे तेथे वंशाच्या भिंतीला शिक्षणाची आणि उत्पन्नाची भगदाडे पडू लागली आहेत. तरीही तेथे मुख्यतः मतदार पक्षाला धरून राहतो आणि पक्ष वंशाला. येथे मतदार माणसाला धरून राहतो आणि माणूस संस्थेला, त्यामुळे पक्ष फुटला तरी गावच्या राजकारणाचा सांगाडा हलत नाही.

राष्ट्रवादी काँग्रेस फुटल्यानंतरच्या, २०२४ च्या दोन निवडणुकांनी हे इतक्या लख्खपणे दाखवले की त्याची तुलना प्रयोगशाळेतील प्रयोगाशीच करावी. मे महिन्यातील लोकसभा निवडणुकीत सुप्रिया सुळे यांनी अजित पवार यांच्या पत्नी सुनेत्रा पवार यांचा १,५८,३३३ मतांनी पराभव केला, आणि एकट्या बारामती विधानसभा क्षेत्रात त्यांना ४७ हजारांहून अधिक आघाडी मिळाली. सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरच्या मतदानात, त्याच क्षेत्राने अजित पवार यांना पुतणे युगेंद्र पवार यांच्यावर १,००,८९९ मतांचे मताधिक्य दिले. उमेदवार चौघेही एकाच कुटुंबातले, एकाच जातीचे, आणि सहा महिन्यांत ना कोणाची जात बदलली ना जमीन. बारामतीकरांनी ‘लोकसभेला ताई, विधानसभेला दादा’ असा हिशेब मांडला होता. दिल्लीसाठी मत देताना निष्ठा आणि सहानुभूती यांना जागा होती. मुंबईच्या सत्तेसाठी मत देताना रस्ता, पाणी, नोकरीची चिठ्ठी आणि तालुक्याचे काम कोणाच्या हाती राहणार हे पाहिले गेले. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये वार्षिक अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील स्त्रियांच्या खात्यावर थेट आले. ज्या स्त्रीच्या नावावर ना सातबारा होता ना कारखान्याचा भाग, तिला संचालकाच्या मध्यस्थीवाचून मिळालेली ही बहुधा पहिलीच नियमित रक्कम होती. जातीच्या गठ्ठ्यांचा हिशेब करणाऱ्यांनी या खात्यांकडे पुरेसे लक्ष दिले नाही.

या विषयावरील आकड्यांबाबत सावध राहणे आवश्यक आहे. अमेरिकेची जनगणना वंश मोजते. भारतात अनुसूचित जाती-जमाती सोडून इतर जातींची देशव्यापी गणना १९३१ नंतर प्रसिद्ध झालेली नाही आणि पुढील जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. ही गणना प्रसिद्ध होईपर्यंत तालुक्यात अमुक समाजाची इतकी लाख मते असे जे छापले जाते तो कार्यकर्त्यांचा अंदाज असतो. मतमोजणीनंतर केंद्रनिहाय आकडे मात्र जाहीर होतात. वाड्या-वस्त्या जातवार वसलेल्या असल्याने कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर उलगडते, आणि गुप्त मतदान व्यक्तीपुरते गुप्त राहून वस्तीपुरते उघडे पडते. चारीचे काम आणि समाजमंदिराचा निधी मागायला जाणाऱ्या वस्तीला हे उघडेपण पुरते ठाऊक असते.

जात आणि वर्ग यांची गाठ सर्वांत घट्ट आवळलेली दिसते ती शेती महामंडळाच्या मळ्यांवर. वालचंदनगरसारख्या खासगी कारखान्यांनी खंडाने घेतलेल्या जमिनी कमाल जमीनधारणा कायद्यानंतर १९६० च्या दशकात या सरकारी महामंडळाकडे आल्या, आणि इंदापूर तालुक्यात रत्नपुरीसारख्या मळ्यांवर कामगारांच्या चाळी वसल्या. पुढे मूळ मालकांच्या, म्हणजे खंडकऱ्यांच्या, वारसांना जमिनी परत देण्याचा निर्णय झाला आणि तो न्याय्यही होता. पण ज्यांनी त्या मळ्यांवर दोन पिढ्या दारे धरली, त्या कामगारांना घरासाठी दोन गुंठे जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले. खंडकऱ्याच्या हाती उतारा होता, संघटना होती आणि आमदारांच्या दारात मान होता. कामगारांच्या चाळीत नाना जातींची, बहुतेक भूमिहीन माणसे होती, त्यामुळे त्यांच्यामागे एक गठ्ठा जात उभी राहिली नाही आणि वर्ग म्हणून त्यांना मोजणारा पक्ष तोवर ओसरला होता.

त्यांच्याहीपलीकडे ऊसतोड मजूर आहेत. दसऱ्यानंतर बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत ती जोडी बांधलेली असते, आणि पहाटे फडात शिरलेली बाई सायंकाळी वाढे विकून कोपीवर परतते. त्यांत वंजारी, बंजारा, दलित आणि मराठाही आहेत, म्हणजे सर्व जाती एका वर्गात उतरलेल्या आहेत. ज्या मळ्यात ते राबतात त्याच्या मालकाचे नाव सोसायटी, दूध संघ, कारखाना, ग्रामपंचायत आणि विधानसभा अशा पाच याद्यांत असते. कोयता चालवणाऱ्या जोडप्याचे नाव यांपैकी एकाही यादीत नसते. ते दीड-दोनशे किलोमीटरवरच्या गावी असते, आणि मतदान गाळपाच्या हंगामात आले तर तेथे पोहोचण्यासाठी मुकादमाला विचारावे लागते, दोन दिवसांची तोड बुडते आणि भाडे उचलीत चढते.